भूशिरांमधली पुळण मोजायला निघण्याआधी

समुद्रात घुसलेल्या दोन कातळी टोकांच्या, म्हणजे भूशिरांच्या, मधला वाळूचा वाकदार किनारा म्हणजे ही पुळण; आपण सोलापूरहून रत्नागिरीकडे जाऊन तिचा वाक मोजणार आहोत. आधी भरती-ओहोटीच्या वेळा काढा. गाडी, खोली, टेप सगळं नंतर. आपल्याकडे पाणी वाढतं ते उजनीतून सोडल्यावर; समुद्र दिवसातून दोनदा आपला आपण चढतो-उतरतो हे सोलापूरकराला पाठ असतं, अंगवळणी नसतं. दाते पंचांग तर आपल्याच गावचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: पंचमीला पावणेचार, मग साधारण सहा तासांनी ओहोटी. नेमक्या वेळा मात्र रत्नागिरीच्या भरती-तक्त्यातूनच घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. उतार पन्नासास एक असेल तर पाणी मीटरभर उतरताच काठ 50 मीटर सरकतो. मागच्या खेपेला एक टोक सकाळी नि दुसरं दुपारी मोजलं गेलं. कागदावर जी वक्ररेषा आली ती कुठल्याच किनाऱ्याची नव्हती. म्हणून पाण्याचा काठ धरूच नका. आदल्या भरतीने टाकलेली शिंपल्या-कचऱ्याची रेघ धरा, आणि शेवटपर्यंत तीच.

रत्नागिरीजवळची भाट्येची पुळण नको. एका टोकाला काजळी नदीचं मुख आहे, वाळूचा हिशोब नदी बिघडवते. दोन्हीकडे कातळ समुद्रात घुसलेला हवा.

टेप, काठ्या, होकायंत्र, टोप्या. मोबाइलचं जीपीएस चालेल, यूटीएम (जागेचे अंक मीटरमध्ये देणारी नकाशापद्धत) पट्टा सगळ्यांचा 43. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सांगावी लागत नाही. निघण्याआधी आपल्या संभाजी तलावाच्या काठावर एकदा सराव करा. तिथलं पाणी जागचं हलत नाही, चूक लगेच सापडते.

आता मोजणी. ज्या भूशिराला वळसा घालून लाटा आत शिरतात त्याचं टोक, आणि पुळण सरळ होते ती दुसरी जागा, या दोन बिंदूंना जोडणारी नियंत्रण रेषा. तिच्यापासून किनारा जास्तीत जास्त किती आत गेलाय ते मोजा, रेषेच्या लांबीने भागा. टोक नेमकं कुठे धरायचं? ओहोटीला दिसणारे खडक भरतीला गायब होतात. परत तेच: वेळ लिहा!

लाटांचा माथा आणि नियंत्रण रेषा यांमधला कोन दुपारच्या वाऱ्याने उठलेल्या लाटांवरून घेऊ नका. पुळणीला आकार देतात त्या लांबून येणाऱ्या लाटा. तीन-चार उपग्रहचित्रं बघा. चित्र कोणत्या वेळचं, तेव्हा भरती होती की ओहोटी, हेही नोंदवा. हो, चित्राचंसुद्धा.

वर्गीकरण घरी येऊन. श्यू आणि इव्हान्स यांच्या 1989च्या परवलयी सूत्रात नियंत्रण रेषेची लांबी आणि हा कोन घालून समतोलातल्या किनाऱ्याची वक्ररेषा काढा. किनारा तिच्यावर बसला तर स्थिर समतोल. समुद्राच्या बाजूला राहिला तर गतिमान: वाळू येतेय तोवर टिकेल, पुरवठा तुटला की मागे हटेल. अहवालावर महिना टाका, मे आणि ऑक्टोबरची पुळण सारखी नसते. एसटीची तिकिटं जपून ठेवा.