यूच्या धनुष्यातील गाठी कशा ओळखाव्यात आणि कशा सांभाळाव्यात

यू (yew) या धनुष्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सदाहरित झाडाचे पूर्णपणे गाठविरहित लाकूड इतके दुर्मीळ आहे की त्याची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातून धनुष्य घडण्याची शक्यता फार कमी. या झाडाच्या खोडावर जागोजागी बारीक फुटवे येतात आणि त्यांच्या खुणा टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठींच्या रूपाने लाकडात राहतात. शिवाय खऱ्या फांद्यांच्या मोठ्या गाठी असतातच. म्हणून यूवर काम करणाऱ्याला गाठ टाळण्यापेक्षा प्रत्येक गाठीभोवती किती लाकूड राखायचे, हे ठरवता आले पाहिजे.

धनुष्य ओढले की नेमबाजाच्या विरुद्ध बाजूची पाठ ताणली जाते आणि त्याच्याकडे असलेले पोट दाबले जाते. यूमध्ये पाठीला फिकट रसकाष्ठ (सालीलगतचा बाहेरचा थर) व पोटाला तांबूस मध्यकाष्ठ (खोडाचा आतला भाग) ठेवतात, कारण पहिले ताण उत्तम सोसते आणि दुसरे दाब. गाठीपाशी या दोन्ही थरांतील तंतू सरळ राहत नाहीत. ओढ्याचे पाणी दगडाला वळसा घालून पुढे एकत्र यावे, तसे ते गाठीच्या दोन्ही बाजूंनी वळून पुन्हा जुळतात. भार वाहून नेतात ते हे वळणारे तंतू. गाठीचा गाभा जवळजवळ काहीच वाहत नाही. वळणारे तंतू मध्येच कापले गेले, तर तेथून चीर उठण्यास वेळ लागत नाही.

लाकडावर धनुष्याचा आराखडा काढण्यापूर्वी गाठी दोन्ही बाजूंनी पाहून घ्याव्यात. फांदी खोडाच्या गाभ्यापासून निघून सालीकडे जाड होत जाते, त्यामुळे पाठीवर दिसणारी गाठ पोटाच्या बाजूलाही, बहुधा लहान होऊन, बाहेर पडते. गाठ बाहूच्या, म्हणजे मुठीच्या वर किंवा खाली वाकणाऱ्या भागाच्या, रुंदीच्या मध्यभागी येत असेल, तर तिच्या दोन्ही अंगांना अखंड तंतू राहतात आणि ती सहसा त्रास देत नाही. पूर्णपणे आराखड्याबाहेर जात असेल, तर प्रश्नच मिटतो. सर्वांत वाईट ती अर्धी कापली जाणारी, कडेवर येणारी गाठ, कारण तेथे वळसा घालणाऱ्या तंतूंची एक बाजूच नाहीशी होते. आराखडा थोडा सरकवून किंवा तिरपा करून अशी गाठ आत घेता येते का, हे आधी पाहावे. ते न जमल्यास कड त्या ठिकाणी गाठीला वळसा घेऊन बाहेर फुगू द्यावी. मुठीजवळ लाकूड भरपूर असल्याने तेथील गाठ फारशी अडचण करत नाही. टोकाकडे मात्र बाहू इतका अरुंद होतो की लहान गाठही त्याची निम्मी रुंदी व्यापते. शक्य असल्यास आराखडा लाकडावर वरखाली सरकवून किंवा लांबी छाटून मोठ्या गाठी टोकांपासून दूर ठेवाव्यात.

पाठीचे काम सर्वांत जपून करावे लागते. रसकाष्ठ मुळातच पाच-सहा मिलिमीटर जाड असेल, तर साल काढल्यावर उघडा पडणारा नैसर्गिक पृष्ठभागच पाठ म्हणून ठेवावा. तेथे एकही तंतू कापलेला नसतो. ते जास्त जाड असेल, तर वाढीच्या वलयांचा माग धरत ते हळूहळू पातळ करावे लागते आणि गाठीजवळ वलये जशी वर चढतात, तसे आपणही चढावे लागते. गाठीवर दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटा राहू द्यावा आणि तो आजूबाजूच्या पृष्ठभागात हळूहळू उतरवावा. दोन मुठींची, अंगाकडे ओढायची सुरी गाठीपासून चार बोटे दूरच थांबवावी. पुढे कानस, आणि अखेरीस स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायचे पातळ पाते. हत्यार नेहमी उंचवट्याच्या माथ्यावरून उताराकडे चालवावे. उलट चालवल्यास धार तंतूंच्या खाली शिरते आणि सालपट उचकटून येते. गाठीभोवती एकाबाहेर एक वलये नकाशातील उंचीच्या रेषांसारखी दिसू लागली, तर आपण उंचवटा कापत आहोत, हे समजून हात आवरावा. यूची वलये इतकी बारीक असतात की सरळ भागात एखाददुसरे वलय ओलांडले गेले, तरी हे लाकूड इतर अनेक लाकडांपेक्षा अधिक सोसून घेते; गाठीजवळ मात्र ही सवलत गृहीत धरू नये.

नवशिक्याला हे उंचवटे ओबडधोबड वाटतात आणि शेवटच्या घासणीत ते सपाट करण्याचा मोह होतो. 1545 मध्ये बुडालेल्या आणि 1982 मध्ये समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवर यूची शंभराहून अधिक लांब धनुष्ये सापडली. त्यांवरही कारागिरांनी गाठींभोवती जादा लाकूड राखलेले दिसते. युद्धासाठी मोठ्या संख्येने धनुष्ये घडवणाऱ्यांनाही हा वेळ वाचवावासा वाटला नाही.

पोटाकडील गाठीचा हिशेब वेगळा असतो. घट्ट, लाकडाशी एकजीव असलेली गाठ दाब चांगला सोसते. तिच्याभोवती किंचित फुगवटा ठेवला की पुरे. काळी पडलेली, भोवती सालीचा थर अडकलेली किंवा नखाने उकरता येणारी गाठ मात्र पोकळीच समजावी. तिच्यातील सर्व मऊ भाग टणक लाकूड लागेपर्यंत ड्रिलने किंवा बारीक पटाशीने काढावा आणि यूचीच किंवा दुसऱ्या टणक लाकडाची, किंचित निमुळती खुंटी एपॉक्सी हा टणक होणारा गोंद लावून घट्ट बसवावी. भोक अगदी लहान असल्यास यूचा भुसा एपॉक्सीत कालवून भरला तरी चालतो. हा उपाय पोटावर काम करतो, कारण घट्ट भरलेली खुंटी दाब पलीकडे पोहोचवते. पाठीवर तो केवळ भोक झाकतो, कारण खुंटी दाबली जाऊ शकते, पण ताण वाहून नेऊ शकत नाही. म्हणून पाठीवरील कुजक्या गाठीच्या दोन्ही बाजूंना पुरेसे अखंड तंतू नसतील, तर ते लाकूड बाजूला ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

बाहूंचा बाक सारखा करण्याच्या टप्प्यात, म्हणजे टिलरिंगमध्ये, उंचवटे डोळ्याला फसवतात. बाक गाठीच्या माथ्यावरून न जोखता तिच्या अलीकडील व पलीकडील सलग रेषेवरून जोखावा आणि गाठीचा भाग शेजारच्यापेक्षा किंचित ताठ राहू द्यावा. तो ताठ दिसतो म्हणून गाठीवरूनच लाकूड काढू नये आणि भरपाई म्हणून तिच्या लगतचा भागही खोल करू नये. तेथे बिजागरी, म्हणजे एकाच ठिकाणी जास्त वाकणारी जागा, तयार होते आणि पोटावर आडव्या, केसासारख्या सुरकुत्या उमटतात. प्रत्येक वेळी थोडे अधिक ओढल्यावर तिरप्या प्रकाशात पोट तपासावे. सुरकुती दिसताच ओढणे थांबवून इतरत्र ताठ राहिलेले भाग पातळ करावेत, म्हणजे त्या ठिकाणचा भार वाटला जाईल.

कानस आणि सँडपेपर चालवताना मास्क अवश्य वापरावा, कारण बीजाभोवतीचा लाल गर वगळता यूचे जवळजवळ सर्व भाग विषारी असतात. ज्या गाठीबद्दल शंका उरली असेल, तिच्यावर तागाच्या किंवा रेशमी दोऱ्याचे गोंदात भिजवलेले वेढे एकमेकांना चिकटून, गाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक बोटभर पुढे जातील असे गुंडाळावेत. त्याने बाहूची ताकद वाढत नाही, पण पाठीची कपची उचलू लागली, तर ती जागीच दाबून धरली जाते.