लंडन–पॅरिस विमानप्रवास: हिशेबातल्या या चुका टाळा

लंडन ते पॅरिस हवाई अंतर साधारण 344 किलोमीटर. विमान ताशी 800 किलोमीटरने उडतं, म्हणजे भागाकार करा, 26 मिनिटं! तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा त्याहून थोडं जास्त लिहिलेलं असतं. ती छापखान्याची चूक नव्हे. ती वेळ विमान फलाट सोडतं तेव्हापासून पलीकडच्या फलाटाला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं यातच बराचसा वेळ जातो. एवढ्या छोट्या पल्ल्यात पूर्ण वेगाने उडायला फारसा वाव मिळत नाही. परतताना लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असेल तर हवेत घिरट्याही घालाव्या लागतात.

काही संकेतस्थळं 214 हा आकडा दाखवतात. ते मैल आहेत. वैमानिकांच्या सागरी मैलांत तेच अंतर 186 होतं. एकक न बघता आकडे ताडून पाहिलेत तर डोकं धरून बसाल.

सगळ्यात जास्त फसवतं ते घड्याळ. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. दहाला निघालेलं विमान बारा वीसला पोचतं आणि परतीचं एकला निघून एक वीसला! जाताना दोन तास वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं. तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहरातल्या स्थानिक असतात, प्रवास मात्र दोन्हीकडे एक तास वीस मिनिटांचाच. पहिल्या खेपेला मी हा तास विसरलो आणि हॉटेलवाल्याला चुकीची वेळ कळवून मोकळा झालो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्हीकडची घड्याळं एकाच क्षणी बदलतात, म्हणून आपसातला फरक एक तासच राहतो. भारताशी असलेला फरक मात्र बदलतो. पॅरिसहून घरी फोन लावताना उन्हाळ्यात साडेतीन तास धरा, हिवाळ्यात साडेचार.

‘लंडन’ आणि ‘पॅरिस’ म्हणजे नेमका कुठला विमानतळ, हे तिकीट काढण्याआधी बघा. शार्ल द गोल शहरापासून सुमारे 25 किलोमीटर, ऑर्ली त्याहून जवळ. पण पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोवे जवळपास 80 किलोमीटर लांब, बसने तासाहून जास्त. पुढचं स्वस्त विमान तिथून असेल तर तिकिटात वाचलेले पैसे बसला जातात, वेळ जातो तो वेगळाच.

आणि रेल्वे? युरोस्टार लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाहून पॅरिसच्या गार दु नोर स्थानकाला सव्वादोन-अडीच तासांत नेते, थेट शहराच्या मध्यात. तपासणीसाठी तासभर आधी जावं लागतं, तरी घर ते हॉटेल असा हिशेब मांडलात तर बहुतेकदा तीच जिंकते. सामान जास्त असेल तर मी विमानाकडे बघतही नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी आणखी एक बघावं. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, युरोपातल्या अनेक देशांचा मिळून असलेला शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. आणि लंडनला परतायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा नाही ना, तेही तपासा.