नाताळच्या सुट्टीतले घरचे बेकिंग: आधी वेळापत्रक, मग केक

नाताळच्या सुट्टीत घरी केक करायचे ठरले की बहुतेक घरांत सगळे काही २४ डिसेंबरच्या दुपारी एकदम सुरू होते. मैदा त्याच दिवशी चाळला जातो, बेदाणे त्याच दिवशी भिजतात, ओव्हनमध्ये एकामागून एक ट्रे जात राहतात आणि रात्री अकरा वाजता घरातले एकच माणूस ओट्यापाशी उभे असते. या गोंधळाचे कारण पाककृतीत नसते, ते क्रमात असते. घरचा ओव्हन साधारण २५ ते ३० लिटरचा असतो, त्यात एका वेळी एक केक किंवा नानकटाईचा एक ट्रे मावतो आणि कितीही माणसे मदतीला आली तरी ही मर्यादा बदलत नाही. म्हणून जो पदार्थ जास्त दिवस टिकतो, किंबहुना मुरल्यावर अधिक चांगला लागतो, तो सर्वांत आधी करावा आणि जो दोन दिवसांत सुकतो तो सर्वांत शेवटी करावा, एवढा एक नियम धरला की उरलेले वेळापत्रक आपोआप बसते.

या नियमाने चार पदार्थांचा क्रम असा लागतो: २० डिसेंबरच्या सुमारास फळांचा केक, २२ किंवा २३ तारखेला नानकटाई, भावंडे आणि पाहुणे जमले की कुलकुल (शिंपल्याच्या आकाराचा तळलेला गोड पदार्थ), आणि २४ तारखेच्या संध्याकाळी बिनअंड्याचा दह्याचा केक. सुट्टीतल्या प्रवासाचा बेतही याच कागदावर लिहावा, कारण फळांचा केक प्रवासात उत्तम टिकतो आणि दह्याचा केक टिकत नाही. कोकणात रेल्वेने जायचे असेल तर प्रवासाच्या दिवसाच्या ६० दिवस आधी आरक्षण सुरू होते. म्हणजे २५ डिसेंबरच्या गाडीचे तिकीट २६ ऑक्टोबरपासून मिळू लागते आणि नाताळच्या आठवड्यात ते फार काळ शिल्लक राहत नाही. ताडोब्याला जाणाऱ्यांनी गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते हे लक्षात ठेवून दिवस ठरवावेत. ज्यांना लांब जायचे नाही त्यांच्यासाठी डिसेंबर हा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा आणि पुढे हुरड्याचा हंगाम आहे, आणि एका दिवसात परत येण्यासारखा बेत ओव्हनच्या कामाच्या आड येत नाही.

वेळापत्रक लिहिताना कालनिर्णयाचे पान समोर असावे. मार्गशीर्ष महिना बहुधा डिसेंबरातच येतो, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी ज्या घरात महालक्ष्मीचे व्रत असते तिथे अंड्याचा केक त्या दिवशी ओव्हनमध्ये घालणे बरे दिसत नाही. आमच्याकडे ही गोष्ट एकदा अंडी फोडल्यावर लक्षात आली आणि तेव्हापासून केकचा दिवस आजीला विचारूनच ठरतो.

फळांची तयारी

फळांच्या केकसाठी एकूण ४०० ग्रॅम सुकी फळे घ्यावीत. त्यात काळे मनुके, तासगावकडचे बेदाणे, बिया काढलेला खजूर आणि सुके अंजीर हे मुख्य असावेत. टुटीफ्रूटी ही कच्च्या पपईचीच असते, तिला रंग आणि गोडी असली तरी स्वतःचा स्वाद फारसा नसतो, म्हणून ती मूठभरच पुरे. खजूर आणि अंजीर बेदाण्यांच्या आकाराचे चिरावेत, कारण मोठे तुकडे केकच्या तळाशी जाऊन बसतात. ही फळे संत्र्याच्या १५० मिलिलिटर रसात भिजवायची असतील तर ती फ्रिजमध्येच ठेवावीत आणि तीन दिवसांच्या आत वापरावीत. बाहेर ठेवलेला रस आंबतो. रममध्ये भिजवणाऱ्यांना ही घाई नाही, त्यांनी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत नोव्हेंबरच्या अखेरीस फळे घातली तरी चालते. मात्र घरात लहान मुले असतील तर रसाचाच केक करावा असे माझे मत आहे, कारण दोन वेगळे केक करून कोणता कोणाचा हे सांभाळत बसणे सणाच्या दिवसांत जमत नाही.

या केकचा खरा स्वाद ज्या एका गोष्टीने वाढतो ती म्हणजे संत्र्याची पाकवलेली साल, आणि ती विकत आणण्याचे काहीच कारण नाही, कारण नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर तयार होणारे पीक, याच महिन्यांत बाजारात असतो. चार संत्र्यांच्या साली घेऊन आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून टाकावा आणि बारीक पट्ट्या कापाव्यात. या पट्ट्या पाण्यात पाच मिनिटे उकळून ते पाणी ओतून द्यावे आणि असे नव्या पाण्यात एकूण तीन वेळा करावे, म्हणजे कडूपणा जातो. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि थोडे पाणी घालून साल पारदर्शक दिसेपर्यंत मंद आचेवर शिजवावी आणि ताटलीत पसरून रात्रभर सुकू द्यावी. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल असल्यामुळे ती लवकर मऊ होते. तिच्यासाठी फार वेळ लावू नये.

फळांचा केक

आठ इंची गोल भांड्यासाठी २०० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, चार अंडी आणि २०० ग्रॅम मैदा असे समप्रमाण धरावे. त्यात एक लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा दालचिनीची पूड, दोन-तीन लवंगांची पूड आणि थोडे जायफळ घालावे. दुकानात मिळणारे पिवळे लोणी बहुतेक खारट असते, म्हणून वेगळे मीठ घालू नये. लोणी आणि अंडी तासभर आधी फ्रिजबाहेर काढणे डिसेंबरात विशेष आवश्यक आहे, कारण थंड अंडी फेटलेल्या लोण्यात घातली की मिश्रण फाटल्यासारखे दिसते. तसे झालेच तर त्यातलाच चमचाभर मैदा घालून फेटावे, मिश्रण पुन्हा एकजीव होते.

केकला गडद रंग येतो तो करपवलेल्या साखरेच्या पाकाने. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर पाणी न घालता वितळवावी, ती तांबूस होऊन पुढे काळपट तपकिरी झाली की गॅस बंद करावा आणि अर्धी वाटी गरम पाणी अगदी थोडे थोडे, हात लांब ठेवून घालावे. पाणी पडताच पाक जोराने उसळतो, म्हणून हे काम मोठ्या माणसानेच, मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवून करावे. पाक पूर्ण काळा पडून धूर आला तर तो कडू झालेला असतो आणि कोणत्याही युक्तीने सुधारत नाही. तो टाकून पुन्हा करावा. थंड झालेल्या पाकाचे तीन मोठे चमचे या केकला पुरतात.

लोणी आणि साखर हलकी व फिकट होईपर्यंत फेटावी, एकेक अंडे घालत जावे, मग पाक घालावा. मैदा, बेकिंग पावडर आणि मसाले एकत्र तीनदा चाळून घ्यावेत. या मैद्यातला मोठा चमचाभर भिजलेल्या, निथळलेल्या फळांना आणि सालीला चोळावा, म्हणजे फळे मिश्रणात धरून राहतात. उरलेला मैदा घातल्यावर मात्र फेटणे थांबवून उलथन्याने हलकेच मिसळावे. भांड्याला तळाशी आणि कडेने बटर पेपर लावावा. किराणा दुकानात मिळणारा पातळ बटर पेपर केकला चिकटतो, त्यामुळे त्यालाही तूप लावून घ्यावे.

ओव्हन दहा मिनिटे आधी तापवून, वरच्या आणि खालच्या दोन्ही तापणाऱ्या कांड्या सुरू ठेवून, १५५ अंशांवर हा केक सव्वा ते दीड तास भाजावा लागतो. लहान ओव्हनमध्ये वरची कांडी केकच्या फार जवळ येते, म्हणून जाळी सर्वांत खाली ठेवावी आणि पाऊण तासाने वरचा रंग पुरेसा झाला असेल तर त्यावर अॅल्युमिनियमचा कागद सैलसर झाकावा. पहिली ५० मिनिटे दार उघडू नये. माझ्या पहिल्या केकच्या वेळी मी दर दहा मिनिटांनी दार उघडून पाहत होते आणि मधोमध चांगला वाटीएवढा खड्डा तयार झाला. त्या खड्ड्यात आम्ही सायीची दाट बासुंदी ओतून केक खाल्ला, पण पद्धत म्हणून ती सांगण्यासारखी नाही. विणकामाची सुई मधोमध खुपसून ती कोरडी निघाली की केक झाला. पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे चार-पाच तासांनी, तो बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि निदान तीन दिवस कापू नये. पुण्याच्या कोरड्या थंडीत तो दहा दिवस सहज राहतो. मुंबईच्या दमट हवेत आठवडाभर धरून चालावे.

नानकटाई

घरोघरी ओव्हन येण्यापूर्वी तूप, मैदा आणि साखर डब्यात भरून जवळच्या बेकरीत न्यायची, मजुरी द्यायची आणि भट्टीवरून नानकटाई भाजून आणायची ही रीत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. तुमच्या भागात अशी भट्टी सुरू असेल आणि दोन किलोंच्या वर नानकटाई करायची असेल तर घरच्या ओव्हनचा हट्ट धरू नये. घरी करायची तर १५० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम बारीक रवा, १२५ ग्रॅम तूप, १०० ग्रॅम पिठीसाखर, वेलची-जायफळ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा हे प्रमाण एका ट्रेला पुरते. सगळे यश तुपावर अवलंबून असते. थंडीत तूप रवाळ आणि घट्ट होते, पण म्हणून ते वितळवू नये. पातळ तुपाची नानकटाई ट्रेवर पसरून चपटी होते. घट्ट तूप आणि पिठीसाखर तळहाताने पांढरेशुभ्र होईपर्यंत फेसावे, पीठ घालून मळू नये, फक्त गोळा होईल इतके एकत्र करावे. लिंबाएवढे गोळे अंतर ठेवून मांडावेत आणि १६० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावेत. ओव्हनमधून काढताना नानकटाई मऊच लागते आणि ट्रेवर थंड होताना खुसखुशीत होते. कच्ची राहिली असे समजून ती पुन्हा आत ढकलणे ही नेहमीची चूक आहे.

कुलकुल

नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, आणि गोव्यात व मंगळुराकडे नाताळच्या फराळाच्या ताटाला कुसवार म्हणतात. त्या ताटात नेवऱ्या (करंज्या), दोदोल (नारळ-गुळाचा मऊ हलवा) यांच्याबरोबर कुलकुल असतातच. (मराठी ख्रिस्ती घरांत याच दिवसांत करंजी, चकली आणि शेव होते, तेव्हा दिवाळीचा सोऱ्या माळ्यावर टाकण्याची घाई करू नये.) कुलकुल भाजत नाहीत, तळतात, तरीही ते या वेळापत्रकात हवेत, कारण ओव्हन कामात असताना दहा हातांना एकाच वेळी काम देणारा हा एकमेव पदार्थ आहे.

अर्धा किलो मैद्यात दोन मोठे चमचे रवा, चार चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे तुपाचे कडकडीत मोहन घालून, लागेल तसे, साधारण पाव लिटर नारळाचे दूध घेऊन पीठ घट्ट मळावे आणि तासभर झाकून ठेवावे. बोराएवढी गोळी तेल लावलेल्या काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारखा रेघांचा आकार येतो. ज्यांनी लग्नघरात गव्हले वळले आहेत त्या आजी-आत्यांना हे पहिल्या पाच मिनिटांत जमते आणि मुलांना थोडा वेळ लागतो. वळलेले कुलकुल कापडाखाली झाकून ठेवावेत, नाहीतर ते सुकून तेलात उमलतात. आच मध्यमपेक्षा कमी ठेवून तळावेत. मोठ्या आचेवर रंग येतो आणि आतून पीठ राहते.

शेवटचा केक

दह्याच्या केकसाठी एक वाटी, म्हणजे २५० ग्रॅम, ताजे आणि आंबट नसलेले दही १५० ग्रॅम साखरेबरोबर फेटावे, त्यात सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा लहान चमचा सोडा घालून पाच मिनिटे थांबावे. मिश्रण फसफसून वर आले की १२० मिलिलिटर वास नसलेले तेल, व्हॅनिला आणि चाळलेला १९० ग्रॅम मैदा घालावा आणि लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. येथे उशीर अजिबात चालत नाही. सोड्याचा जोर संपला की केक दडस होतो. हा केक दुसऱ्या दिवशी उत्तम लागतो आणि तिसऱ्या दिवसापासून सुकू लागतो, म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी तो संपवावा.

तो उरलाच तर बोटाएवढ्या जाड कापा करून १५० अंशांवर दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटे भाजाव्यात. त्याचे केक टोस्ट होतात, डब्यात आठवडाभर राहतात आणि सहलीहून परतल्यावर घरात दूध सोडून दुसरे काही नसते त्या सकाळी चहाबरोबर उपयोगी पडतात.