पपईला घाबरता, मग कच्च्या मुगाला का नाही?

गोड बातमी कळली की सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत प्रत्येकीकडे 'हे खाऊ नकोस'ची यादी तयार असते. पहिला मान पपईचा. ही भीती अर्धी खरी आहे. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावल्याचं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, म्हणून हिरवी किंवा अर्धकच्ची पपई नकोच. पूर्ण पिकलेल्या फळात हा चीक जवळजवळ उरत नाही, त्यामुळे त्याच्या दोन फोडींनी काही बिघडत नाही. पण त्याच घरात 'पौष्टिक आहे, खा' म्हणून मोड आलेल्या कच्च्या मुगाची वाटी पुढे केली जाते, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही!

पहिलं काम : कच्चं ते शिजवा. मोड यायला ऊब आणि ओल लागते. साल्मोनेलासारख्या जंतूंनाही तेच हवं असतं, आणि ते नुसतं धुऊन जात नाहीत. तेव्हा मूग-मटकीची कोशिंबीर नऊ महिने विसरा. उसळ करा, मिसळ करा, चांगली शिजवून. दूध उकळूनच प्या, गावाकडचं धारोष्ण असलं तरी. खरवस आवडत असेल तर नीट उकडलेला हवा. अंड्याचा बलक घट्ट झालेला हवा, म्हणजे हाफ फ्राय बंद. चिकन-मटण हाडापर्यंत शिजलेलं हवं. कोथिंबीर, मुळा, गाजर यांना चिकटलेल्या मातीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून ती वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

फ्रिजवर फार भरवसा नको. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गर्भपातापर्यंत वेळ आणू शकतो. कालची आमटी खायचीच असेल तर खळखळून उकळा, नुसती कोमट करून भागत नाही. ताप आणि अंगदुखी आली तर घरगुती काढा करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मासे : लहान निवडा. कोकणात आणि गोव्यात माशावाचून जेवण कसं जाणार? सोडायची गरजही नाही. मोठा मासा लहानांना खात जगतो आणि त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. हा पारा बाळाच्या मेंदूला घातक. म्हणून मोरी (शार्क) टाळा, मोठ्या सुरमईची तुकडी क्वचितच घ्या. बांगडा, तारली, मांदेली आठवड्यातून दोनदा खुशाल खा. सुकी मासळी खारट असते, रक्तदाब वाढलेला असेल तर तिला हात आखडता घ्या.

गोळीची वेळ सांभाळा. सरकारी आरोग्य केंद्रात चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी फुकट मिळते : 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, रोज एक, किमान 180 दिवस. ती चहाबरोबर घेतली तर बरंचसं लोह वायाच जातं. चहा आणि गोळीत तासाभराचं अंतर ठेवा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, जेवणात लिंबू पिळा. दिवसाला दोन कप चहा चालतो. दारू मात्र थेंबभरही नको.

अळिवाचे लाडू आपल्याकडे बाळंतिणीसाठी राखलेले असतात. ते तसेच राहू द्या, गरोदरपणी अळीव मूठमूठ खाऊ नये. कोरफडीचा रस आणि 'गर्भ टिकवणारे' काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. केशर-दुधाने बाळ गोरं होत नाही. चवीला दोन काड्या घाला, पैसे वाचतील.

माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? हसण्यावारी नेऊ नका. बऱ्याचदा रक्त कमी असल्याची ती खूण असते. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि आंबटगोडाचे डोहाळे? चिंचेचा तुकडा, कैरीची फोड धुऊन खा की. पाणीपुरी हवी असेल तर डोहाळेजेवणाला घरीच बेत करा : पाणी उकळून गार केलेलं, पुदिना नीट धुतलेला, आणि वर कच्च्या मुगाऐवजी गरमागरम रगडा.