गोगलगाय ओळखताना या चुका टाळा

दोन पावसाळ्यांपूर्वी अंबाझरीच्या बागेत एका सिमेंटच्या बाकाच्या खालच्या अंगाला मला डावखुरी गोगलगाय सापडली. वाकून दिसेना, म्हणून स्क्रीन वर करून फोन बाकाखाली सरकवला आणि पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. फोटोत शंखाचं तोंड चक्क डावीकडे! सह्याद्रीकडची अरिओफँटा लेव्हिपेस अशी डावखुरी असते. ती नागपुरात? मी घरी येऊन सगळ्यांना सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तीच गोगलगाय हातात घेतली तर साधी उजवी. सेल्फी कॅमेऱ्याने फोटो आरशासारखा उलटा जतन केला होता.

तेव्हा पहिली गोष्ट: पुढचा कॅमेरा वापरू नका. वापरलाच तर शेजारी अक्षरं छापलेला कागद ठेवा. अक्षरं उलटी आली की फोटोही उलटा. शंख धरायची पद्धत ठरलेली आहे: टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या बाजूला आलं तर उजवा, डाव्या बाजूला आलं तर डावा. जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायी उजव्याच असतात, म्हणून डावी दिसली की आधी स्वतःवर शंका घ्या. नागपूरला डावखुरे शंख आहेत, पण ते दगडात. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी 19व्या शतकात टाकळीच्या परिसरात लाव्हाच्या थरांमधल्या गाळातून गोड्या पाण्यातले शंख गोळा केले. या थरांत सापडणारी फायसा प्रिन्सेपी खरोखर डावखुरी.

लहान म्हणजे देशी, मोठी म्हणजे आफ्रिकन

हा घोळ सगळ्यात जास्त होतो आणि त्यापायी देशी गोगलगायी फुकट मरतात. 2022 मध्ये लातूर-बीडकडे गोगलगायींनी सोयाबीनची रोपं फस्त केल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून कुंडीत काहीही सरपटलं की लोक मिठाचा डबा आणतात. जायंट आफ्रिकन गोगलगाय 1847 मध्ये विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडली. तिचीही पिल्लं अंड्यातून निघताना ज्वारीच्या दाण्याएवढीच असतात. आकारमानावर जाऊ नका, ठेवण बघा. आफ्रिकन शंख उंच, निमुळता, बहुधा तपकिरी उभ्या पट्ट्यांचा. आपल्या परसात दिसणारी मॅक्रोक्लॅमिस वरून दाबलेल्या पेढ्यासारखी: उंचीपेक्षा रुंदी जास्त, रंग मधासारखा, कवच पातळ आणि तेल लावल्यासारखं चकचकीत. ती चालताना भिंग धरून बघाच. अंगावरच्या त्वचेच्या पातळ पाळ्या शंखावर पुढेमागे फिरत असतात आणि शेपटाच्या टोकाशी बारीकसं शिंग असतं.

तरी शंका उरली तर तोंडातून आत डोकवा. शंखाचा मधला खांब आफ्रिकन गोगलगायीत खाली एकदम छाटल्यासारखा संपतो. ही खूण पक्की. हातमोजे मात्र घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. आफ्रिकन गोगलगायीत उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात, माणसाला त्या बाधतात. पुस्तकांत हिचं नाव कुठे अकॅटिना फुलिका, कुठे लिसाकॅटिना फुलिका येतं. प्राणी एकच.

झाकण आहे, म्हणजे पाण्यातली

मे महिन्यात कुलरच्या ताट्या बदलताना मागच्या ओल्या विटांत शंख सापडतात, तोंडं पांढऱ्या पापुद्र्याने बंद केलेली. पारा 45च्या पुढे गेला की जमिनीवरची गोगलगाय चिकट स्राव वाळवून दार लावून घेते. तो पापुद्रा नखाने फाटतो. तळ्यातल्या 'पिला' नावाच्या गोगलगायीचं झाकण वेगळं: टणक, पायाच्या मागच्या भागाला जोडलेलं, प्राणी चालला की त्याच्याबरोबर जाणारं. पापुद्रा फाडू नका, पाणी शिंपडा आणि थांबा. मी असाच उकिडवा बसलो होतो तेव्हा शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काहून जी, इतक्या उन्हात काय शोधून राहिले?" गोगलगाय बाहेर आली की डोक्यावरची शिंगं मोजा. दोन जोड्या आणि लांब जोडीच्या टोकाला डोळे असतील तर ती जमिनीवरची. उलट नियम मात्र लावू नका: एकच जोडी आणि खरं झाकण असलेल्या काही गोगलगायी जमिनीवरही राहतात.

बाकी किरकोळ

रिकाम्या शंखाच्या रंगावर विसंबू नका, उन्हात तो चुन्यासारखा पांढरा पडतो आणि पट्टे जातात. मापासाठी नाणं ठेवत असाल तर कोणतं ते लिहा: जुना रुपया 25 मिलिमीटरचा, 2011 नंतरचा सुमारे 22चा. दहा रुपयांची प्लॅस्टिक पट्टी बरी. फोटो किमान तीन हवेत: वरून, तोंडाकडून आणि खालून. खालून काढलेल्यात नाभी, म्हणजे वेढ्यांच्या मधलं भोक, दिसलं पाहिजे; तोच फोटो नेमका कोणी काढत नाही.

फोटोवरून जात सांगणं

आधी शब्दांचा गुंता. प्राणिशास्त्रात प्रजाती म्हणजे वरचा गट आणि जाती म्हणजे त्यातला एक प्रकार. वर्तमानपत्रं सर्रास उलट लिहितात. मॅक्रोक्लॅमिस ही प्रजाती. तिच्यातल्या कित्येक जाती नुसत्या शंखावरून वेगळ्या काढता येत नाहीत, आतली जननेंद्रियं उघडून बघावी लागतात. भूगोलाच्या पुस्तकात के-टू शिखराला ज्यांचं नाव आपण वाचलं, त्या गॉडविन-ऑस्टिन यांनी भारतीय गोगलगायींवर हेच काम वर्षानुवर्षं केलं. मोबाइलमधलं ॲप दोन सेकंदांत "मॅक्रोक्लॅमिस इंडिका" म्हणून मोकळं होतं. माझ्या वहीत बाकाखालच्या त्या गोगलगायीसमोर अजून "मॅक्रोक्लॅमिस, जाती अनिश्चित" एवढंच आहे. "डावखुरी" हा शब्द खोडलाय, पण वाचता येतो.