कॉमेट चाचणी: सोलापूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

कॉमेट चाचणीत पेशी जेलमध्ये बसवून वीज सोडतात; तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा बाहेर ओढला जातो. विडी कामगारांच्या रक्तपेशींतली डीएनएची हानी अशी मोजायला घेतली आणि कंट्रोल गटातल्या (तुलनेसाठी घेतलेल्या, विडीकाम न करणाऱ्यांच्या) पेशींनाही लांबलचक शेपट्या दिसल्या, तर तंबाखूवर खापर फोडण्याआधी नमुना लॅबपर्यंत कसा आला ते पाहा. रक्त काढल्यानंतर झालेली हानीही स्लाइडवर तशीच दिसते.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना पूर्व भागातून ट्यूब पिशवीत टाकून दुचाकीवर आणणं म्हणजे नमुना वाया घालवणं. गंमत अशी की चूक दोन्ही बाजूंनी होते: ऊन नवी हानी करतं, तर उबेत जिवंत पेशी डीएनएची आधीची तूटफूट जोडत बसते. म्हणून थंड पेटी हवी, ट्यूबला फॉइल हवं. मात्र ट्यूब गोठू देऊ नका, पेशी फुटतात.

अ‍ॅगारोज (जेल बनवायचा पदार्थ) ३७ अंशांवर आणूनच पेशी मिसळा. जेल निसटत असेल तर स्लाइडवर आधीचा अ‍ॅगारोजचा थर नीट वाळला नसेल. लायसिसच्या, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात ट्रायटन (डिटर्जंट) त्याच दिवशी घाला.

खरी गडबड अल्कली बफरमध्ये होते, म्हणजे ज्या द्रावणात स्लाइड ठेवून वीज सोडतात त्यात. पीएच १३ च्या वर आणि तापमान ४ अंशांच्या आसपास हवं. बफर कोमट झाला की डीएनएमधल्या कमजोर जागा जास्तच तुटतात आणि शेपटी फुगते. व्होल्टेज सेंटीमीटरमागे साधारण ०.७ ते १ व्होल्ट, तेही दर वेळी तेवढंच. मध्येच वीज गेली तर बॅच फेकून द्या. उरलेली मिनिटं नंतर भरून काढता येत नाहीत. यूपीएस मागून घ्या, विभागप्रमुख कुरकुरले तरी.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा पॉझिटिव्ह कंट्रोल (मुद्दाम हानी केलेल्या पेशी, चाचणी चालते का हे पाहायला) टाळू नका. जुनी, उघडी राहिलेली बाटली मात्र नको.

मोजणाऱ्याला स्लाइड कुणाची हे कळता कामा नये. जेलच्या कडेच्या पेशी सोडा.

आता निष्कर्ष. वीस वर्षं विड्या वळणारी बाई वयानंही मोठी असते, शिवाय मिश्री लावत असेल. तिची तुलना कॉलेजच्या मुलींशी केली तर तुम्ही नेमकं काय मोजलं? कंट्रोल गट वयाला वय जुळवूनच निवडा. शेपटी म्हणजे त्या क्षणाची डीएनएची तूटफूट. ती उत्परिवर्तन (जनुकातला कायमचा बदल) नव्हे, कॅन्सर तर नव्हेच. “मॅडम, मला कॅन्सर हाय का?” असं कुणी विचारलं तर तो आकडा रिपोर्ट म्हणून हातात देऊ नका. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे पाठवा.