मनासारखा आकडा आला तरी थांबू नका: धातूंच्या चाचण्यांतल्या या चुका टाळा

सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाच्या गटाने एक निकाल जाहीर केला आणि जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ चक्रावले. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून सोडलेले न्यूट्रिनो (पदार्थातून सहसा आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) सुमारे ७३० किलोमीटरवर, इटलीतल्या ग्रान सासोच्या डोंगराखाली, प्रकाशाला लागेल त्यापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात, असं त्यांचं मोजमाप सांगत होतं. त्यानंतर गटाने आपलीच यंत्रणा पुन्हा तपासायला घेतली. २०१२ च्या सुरुवातीला दोष हाती लागला. जीपीएसची वेळ आत आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा कनेक्टर नीट बसलेला नव्हता आणि एका घड्याळाच्या गतीतही किंचित फरक होता.

हा दोष सापडला, कारण आलेला आकडा कुणालाच पटण्याजोगा नव्हता. तोच सैल कनेक्टर सगळ्यांना हवा तसा आकडा देत असता तर तो उघडून पाहायची बुद्धी कुणाला झाली असती?

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, हत्तरगीला विमानांचे भाग बनतात, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयही इथलंच. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करून टेस्टिंग लॅबमध्ये लागतात. यूटीएम (पीस ताणून तोडणारं मशीन) चालवायला ती चटकन शिकतात. पण आकडा नापास आला तरच मशीन तपासायचं, पास आला की सही करायची, ही सवयही तिथेच लागते. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या जवळजवळ सगळ्या या एका सवयीमुळे वर्षानुवर्षं लपून राहतात.

स्पेक्ट्रोवर ठेवण्याआधी सॅम्पल तोडून बघा

फाउंड्रीत सगळ्यात जास्त वाद कार्बनवरून होतात. भट्टीवाला म्हणतो चार्ज (भट्टीत घातलेला माल) बरोबर होता, लॅबवाला म्हणतो कार्बन कमी आहे. अशा वेळी आधी सॅम्पल बघायचं, मशीन (स्पेक्ट्रो, म्हणजे ठिणगी मारून धातूतले घटक मोजणारं) नंतर. बिडाचं (कास्ट आयर्नचं) स्पेक्ट्रो सॅम्पल तांब्याच्या साच्यात झटकन गोठलं पाहिजे, म्हणजे सगळा कार्बन कार्बाइडच्या रूपात अडकतो आणि तोडलं की आतून पांढरं स्वच्छ दिसतं. आत करडेपणा दिसला तर ग्राफाइट सुटलेलं आहे. त्यावर स्पार्क मारला की कार्बनचं रीडिंग भरकटतं, आणि तीन स्पार्कचे आकडे एकमेकांशी जुळले तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. साचा सतत वापरून तापलेला असणं, सॅम्पल गरजेपेक्षा जाड पडणं, लॅडलमधून (वितळलेल्या धातूच्या भांड्यातून) घेतलेला धातू साच्यात ओतेपर्यंत रेंगाळणं, ही नेहमीची कारणं.

दुसरी गोष्ट घासण्याची. स्टील, बीड आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच बेल्टवर घासणारी लॅब मी पाहिली आहे. बेल्टमध्ये अडकलेला अ‍ॅल्युमिनियमचा कण पुढच्या सॅम्पलवर चिकटतो आणि रिपोर्टमध्ये अ‍ॅल्युमिनियम वाढलेलं दिसतं. घासलेल्या तोंडाला बोटही लावायचं नाही, हाताचं तेल लागतं. आणि सिलिंडर बदलल्यावर पहिले काही स्पार्क सोडून द्या, नळीत हवा शिरलेली असते. आर्गॉन शुद्ध असेल तर स्पार्कच्या डागाभोवती काळसर कडं उमटतं. डाग पांढरट, पसरट दिसला की आकडा वाचतच बसू नका, गॅसची लाइन तपासा.

व्यास मोजा, ड्रॉइंगमधला लिहू नका

एफजी २६० ग्रेडचं बीड आहे, म्हणजे ताणताना निदान २६० मेगापास्कल सोसायला हवं असं. ३० मिमीचा टेस्ट बार ओतून त्याचा २० मिमी व्यासाचा पीस टर्न केलाय. ऑपरेटर सॉफ्टवेअरमध्ये व्यास टाकतो २०, कारण ड्रॉइंगवर तोच आहे. प्रत्यक्षात टर्नरने १९.८ काढलाय. क्षेत्रफळ ३१४ च्या जागी ३०८ चौरस मिमी, म्हणजे दोन टक्के कमी. बीड खरोखर २६० मेगापास्कलचं असलं तरी रिपोर्टमध्ये २५५ येतं आणि चांगली हीट (एका वितळणीचा माल) नापास होते. व्यास उलट दिशेने चुकला तर वाईट हीट पास होते, आणि त्याची तक्रार आपल्याकडे यायला सहा महिने लागतात. मायक्रोमीटरने तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा, एवढंच काम आहे.

बीड ठिसूळ असल्यामुळे जबड्यांचं अलाइनमेंट इथे फार महत्त्वाचं. पीस किंचित तिरका पकडला गेला की ताणाबरोबर वाकही येतो आणि बार आधीच तुटतो. तुटलेली जागा बघा. सलग दोन-तीन बार खांद्याजवळ किंवा जबड्याच्या तोंडाशी तुटत असतील तर धातूला दोष देण्याआधी जबडे उतरवून साफ करा, झिजलेत का बघा.

विद्यार्थी अजून एका जागी हमखास अडकतात. माइल्ड स्टीलचा यंग्ज मॉड्युलस (ताणताना धातू किती ताठ राहतो त्याचं माप) काढायला सांगितला की ४० किंवा ५० गिगापास्कल घेऊन येतात. असायला हवा २०० च्या आसपास. कारण त्यांनी क्रॉसहेडचं (मशीनच्या सरकत्या आडव्या भागाचं) सरकणं हेच पीसचं लांबणं धरलेलं असतं. जबडे घट्ट होतात, दात रुततात, मशीनची चौकटही थोडी ताणली जाते, आणि हे सगळं त्या सरकण्यात मिसळतं. एक्स्टेन्सोमीटर (पीसवरच लावून त्याचं लांबणं मोजणारं साधन) लावल्याशिवाय मॉड्युलस काढूच नका. इथे एक चांगलं आहे की उत्तर इतकं चुकीचं येतं की लक्षात तरी येतं. तुटेपर्यंतच्या एलाँगेशनमध्ये तसं होत नाही. एसजी ५००/७ या गोल ग्राफाइटच्या बिडाला ७ टक्के हवेत. गेज लेंथ (लांबणं मोजायचं मूळ अंतर) व्यासाच्या पाचपट घ्यायच्या ऐवजी आखूड घेतली तर तोच पीस जास्त टक्के दाखवतो, कारण तुटण्याच्या जागेजवळचं लांबणं आखूड अंतरात मोजलं जातं. आकडा छान दिसतो आणि कुणी विचारत नाही.

ब्रिनेल: मोजणाऱ्याला लिमिट सांगू नका

ब्रिनेल या कडकपणाच्या चाचणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त सह्या याच चाचणीवर होतात.

१० मिमीचा बॉल, ३००० किलोचा भार, १० ते १५ सेकंद थांबायचं, मग खड्ड्याचा व्यास मोजायचा. व्यास ४.० मिमी असेल तर कडकपणा २२९. व्यास ३.९ असेल तर २४१. एका दशांश मिलिमीटरात बारा अंकांचा फरक. आता ड्रॉइंगवर कमाल २३० लिहिलेलं आहे असं धरा. खड्ड्याची कड धारदार कधीच नसते, बाजूला धातू थोडा उचललेला असतो, उजेड एका बाजूने पडतो. हातातल्या मायक्रोस्कोपमधून बघताना कड ३.९ ला आहे की ४.० ला, हे ठरवणाऱ्या माणसाला जर माहीत असेल की ४.० म्हणजे माल गाडीत भरला जाणार आणि ३.९ म्हणजे पुन्हा अ‍ॅनीलिंग (तापवून मऊ करणं), तर त्याचा डोळा ४.० कडे झुकतो. त्यात लबाडी नसते. डोळा तसाच चालतो. शेजारून सुपरवायझरचा आवाज येतो, "बसलंय की सर, सोडा की आता." आणि ते सुटतं.

कणभौतिकीतले लोक हा धोका ओळखून आहेत. तिथे बऱ्याच प्रयोगांत निकालाचा भाग मुद्दाम झाकून ठेवतात. विश्लेषणाची पद्धत, कुठला डेटा टाकायचा आणि कुठला ठेवायचा, हे सगळं आधी पक्कं करतात, आणि मगच झाकण काढतात. आपल्याला त्यासाठी एक पैसा खर्च नाही. खड्डा मारणारा एक, मोजणारा दुसरा, आणि मोजणाऱ्याच्या कागदावर फक्त पीसचा नंबर. त्याने दोन काटकोनांतले व्यास लिहायचे. कडकपणात रूपांतर करणं आणि लिमिटशी ताडणं तिसऱ्या रकान्यात, नंतर. जुन्या रजिस्टरमधले आकडे काढून बघा. कमाल मर्यादेच्या जरा आत ढीगभर पीस आणि जरा बाहेर एकही नाही, असं दिसलं तर धातू तसा वागत नाही, मोजणारा तसा वागतोय.

बाकी नियम सोपे आहेत पण पाळले जात नाहीत. खड्डा कडेपासून निदान अडीच व्यास आत हवा आणि दोन खड्ड्यांच्या मध्यांत निदान तीन व्यासांचं अंतर हवं. पीसची जाडी खड्ड्याच्या खोलीच्या आठपट तरी पाहिजे. कास्टिंगची वरची कातडी घासून काढल्याशिवाय खड्डा मारू नये.

रॉकवेल या कडकपणाच्या दुसऱ्या चाचणीत अ‍ॅनव्हिल (पीस ठेवायची बैठक) किंवा इंडेंटर (खड्डा मारणारं टोक) बदलल्यावरची पहिली रीडिंग फेकून द्यायची, आणि टेस्ट ब्लॉक उलटा करून दुसऱ्या बाजूने वापरायचा नाही. चार्पीत (आघाताने तोडायच्या चाचणीत) १० बाय १० बाय ५५ मिमीचा पीस थंड बाथमधून काढल्यावर पाच सेकंदांत तुटला पाहिजे, आणि चिमटाही बाथमध्येच थंड झालेला हवा, नाहीतर नेमक्या खाचेजवळ पीस गरम होतो.

स्टीलच्या ब्लॉकवर सेट केलेलं अल्ट्रासोनिक

स्टीलमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर. करड्या बिडात तो बराच कमी असतो आणि ग्राफाइटच्या पाकळ्या जितक्या मोठ्या तितका अजून घटतो. जाडी मोजायचा अल्ट्रासोनिक गेज स्टीलच्या ब्लॉकवर सेट केला आणि बिडात वेग समजा ४६०० असेल, तर २० मिमीची भिंत २५ ते २६ मिमी दिसते. पंपाच्या बॉडीत ही चूक किती महाग पडेल ते हायड्रॉलिकवाल्यांना सांगायला नको. उपाय म्हणजे आपल्याच हीटमधल्या कास्टिंगपासून पायऱ्यांचा ब्लॉक बनवून घ्यायचा, व्हर्नियरने मोजायचा आणि त्यावर सेट करायचं. एसजीत हाच वेग ग्राफाइट गोल झालं की नाही याची खूण म्हणून वापरता येतो. ग्राफाइट गोल करणारं मॅग्नेशियम उडालेल्या शेवटच्या लॅडलचा माल यात लगेच उघडा पडतो.

अगदी लहान रेझिस्टन्स मोजताना

एमएस्सीच्या आणि मटेरियल सायन्सच्या मुलांसाठी हे. १९ सप्टेंबर २००८ ला, पहिला किरण फिरवल्याला जेमतेम नऊ दिवस झाले असताना, सर्नच्या एलएचसी या कण-वेगवर्धकात दोन चुंबकांमधला विजेचा एक सांधा निकामी झाला. सांध्याचा रेझिस्टन्स अंदाजे दोनशे नॅनोओहम होता असं नंतर निघालं. सुपरकंडक्टरसाठी तो फार मोठा. हजारो अँपियरचा प्रवाह, त्यातून उष्णता, मग आर्क, आणि कित्येक टन हीलियम बोगद्यात. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. त्यानंतर असले सांधे एकेक करून मोजले गेले.

इतकं लहान काही दोन तारांच्या मल्टिमीटरने मोजायचा प्रयत्न करू नका, तो तारांचा आणि टोकांचाच रेझिस्टन्स दाखवतो. चार तारा हव्यात : दोन प्रवाहाच्या, दोन व्होल्टेजच्या. फोर प्रोबवर मुलं इथपर्यंत बरोबर येतात आणि पुढे चुकतात. तांब्याची तार आणि नमुना जिथे टेकतात तिथे तापमानातल्या फरकामुळे स्वतःचं व्होल्टेज तयार होतं, काही मायक्रोव्होल्टचं. प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हा मोजा. रीडिंगचं चिन्ह सहसा उलटेल, पण आकारात फरक दिसेल. तो फरक त्या उपऱ्या व्होल्टेजचा. पहिल्या रीडिंगमधून दुसरं चिन्हासकट वजा करून निम्मं केलं की तो गळून पडतो.

शून्यही लिहा, नापासही लिहा

आपल्याच राज्यात, कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक खोल जाऊन म्यूऑन (कॉस्मिक किरणांतून तयार होणारे कण) मोजत होते. खाली जाल तसे म्यूऑन कमी होतात. सगळ्यात खोल पातळीवर दीर्घ काळ मोजूनही एकही मिळाला नाही. ते शून्य त्यांनी वाया गेलेलं काम मानलं नाही. इतकी शांत जागा असेल तर न्यूट्रिनोची खूण इथे दिसू शकेल, हे त्यावरूनच सुचलं, आणि १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो तिथे खरोखर सापडले.

आपल्या रजिस्टरात मात्र नापास रीडिंग खोडलं जातं आणि फिरून मारलेलं पास रीडिंग राहतं. खोडू नका. बहुतेक स्टँडर्डांत रीटेस्टचा नियम स्पष्ट आहे : टेस्ट पीसमध्येच ब्लोहोल (वायूची पोकळी) किंवा टर्निंगचा दोष दिसला तर तो पीस बाद करून दुसरा घ्यायचा, आणि तसा दोष नसेल तर अजून दोन पीस घ्यायचे आणि दोन्ही पास व्हायला हवेत. पास होईपर्यंत मारत राहायची मुभा कुठेच नाही.

नंबर टाकतानाही काळजी घ्या. आपल्याकडे एका शिफ्टला मराठी आकडे लिहिणारा असतो, दुसऱ्या शिफ्टला इंग्रजी. खडूने घाईत लिहिलेला मराठी एक पुढच्या माणसाला इंग्रजी नऊ वाटतो, मराठी पाच इंग्रजी चार वाटतो, आणि हीट बदलून जाते. पीसवर इंग्रजी आकड्यांचे पंच मारा, दोन्ही टोकांना, म्हणजे तुटल्यावरही दोन्ही तुकडे ओळखता येतील.

तुटलेले तुकडे लगेच भंगारात टाकू नका. दोन्ही तोंडं एकमेकांवर घासून "जुळतात का" बघायची सवय सोडा, त्याने तुटीचा पृष्ठभाग खराब होतो आणि ब्लोहोल होता की स्लॅग हे नंतर कळत नाही. पावसाळ्यात तर इथल्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो, म्हणून जूनपासूनच सिलिका जेलची पुडी घातलेल्या पिशव्या तयार ठेवा, पिशवीवर हीट नंबर आणि तारीख लिहा, आणि गिऱ्हाइकाने माल स्वीकारेपर्यंत तुकडे जपून ठेवा.